साठ फोटो, एक चित्र: काजवे, तारे, गर्दी आणि पाणी यांवर स्टॅकिंगचे प्रयोग

काजव्यांनी लगडलेल्या झाडाचा जो फोटो दर जूनमध्ये व्हॉट्सॲपवर फिरतो, तो बहुतेक वेळा एकच फोटो नसतो. ट्रायपॉड जागचा न हलवता ओळीने काढलेले तीस, साठ, कधी शंभर फोटो एकावर एक रचलेले असतात. याला स्टॅकिंग म्हणतात. हीच युक्ती ताऱ्यांच्या रेघा ओढायला चालते, लेण्यासमोरची गर्दी पुसायला चालते आणि महागडा फिल्टर न घेता वाहतं पाणी मऊ करायलाही चालते. प्रत्येक वेळी बदलतो तो फक्त थरांमधला हिशोब. तो हिशोब कोणता, हे घरी येऊन संगणकासमोर बसल्यावर ठरवून चालत नाही. शटर किती, दोन फोटोंत अंतर किती, एकूण फोटो किती, हे सगळं त्याच्यावरच अवलंबून असतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

हिशोब चारच आहेत

चित्रातला एकच पिक्सेल डोळ्यांसमोर आणा. पाच फोटो काढले, तर त्या एका जागी पाच आकडे मिळतात. ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. समजा ती जागा म्हणजे दगडी भिंत आहे आणि आकडे आले १२०, १२२, ४०, १२१, ६०. तिसऱ्या आणि पाचव्या फोटोत गडद कपड्यातलं कुणीतरी भिंतीसमोरून गेलं, एवढाच याचा अर्थ.

'लाइटन' सगळ्यात मोठा आकडा ठेवतो: १२२. 'डार्कन' सगळ्यात लहान ठेवतो: ४०. 'मीन' म्हणजे सरासरी: ९३. 'मीडियन' आकडे चढत्या क्रमाने लावून मधला उचलतो: १२०. भिंतीचा खरा रंग १२० च्या आसपास आहे. मीडियनने माणसं पूर्ण पुसली, मीनने त्यांची भुरकट सावली मागे ठेवली, डार्कनने माणूस तसाच राखला. इथे लाइटननेही भिंत बरोबर दिली, पण तो योगायोग. पांढऱ्या सदऱ्यातलं एक माणूस आलं की लाइटन त्यालाच धरून बसेल.

एक बारकावा आधीच सांगतो. फोटोशॉपच्या यादीत 'लाइटन' आणि 'लायटर कलर' असे दोन वेगळे पर्याय आहेत. पहिला लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे वेगवेगळे तपासतो, दुसरा तिन्हींचा एकत्रित उजेड बघून अख्खा पिक्सेल उचलतो. आपल्याला जवळजवळ नेहमी पहिलाच हवा असतो.

सामान आणि कॅमेऱ्याची मांडणी

मॅन्युअल मोड असलेला कोणताही कॅमेरा चालेल. दहा वर्षं जुना डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्सही पुरते. ट्रायपॉड हलका असेल तर मधल्या दांड्याच्या हुकाला कॅमेऱ्याची बॅग अडकवा, मात्र बॅग वाऱ्याने झुलणार नाही एवढी खाली, जमिनीला टेकेल अशी. लॉक होणारा साधा वायरचा रिमोट घ्या.

सॉफ्टवेअरवर खर्च करायची गरज नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) उघडायला रॉथेरपी, थर रचायला गिम्प, ताऱ्यांसाठी स्टारस्टॅक्स ही तिन्ही फुकट मिळतात. फोटोशॉप असेल तर काही पायऱ्या कमी होतात, इतकंच.

जे काही टिपाल त्यासाठी या गोष्टी सारख्याच. फोटो रॉमध्ये. व्हाइट बॅलन्स ऑटो नको, एक आकडा पक्का धरा. रात्री ४००० केल्विन ठीक पडतं. फोकस मॅन्युअल. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद, कारण ट्रायपॉडवर ते स्वतःच चित्र थोडं सरकवू शकतं. आणि मेन्यूमध्ये खोल दडलेला 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' हा पर्याय बंद. तो चालू राहिला तर तीस सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी तीस सेकंद शटर मिटून बसतो. निम्मी रात्र तिथेच जाते.

इंटरव्हल टायमर वापरणार असाल तर आणखी एक खोड लक्षात ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांचं '३० सेकंद' प्रत्यक्षात ३२ सेकंदांचं असतं. काही कॅमेऱ्यांत इंटरव्हल म्हणजे एका फोटोच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ. तिथे ३१ टाकले की एकाआड एक फोटो गळतो. ३३ किंवा ३४ टाका. त्याहून सोपं म्हणजे शटर ३० सेकंद, ड्राइव्ह मोड कंटिन्युअस, आणि रिमोटचं बटण दाबून लॉक. कॅमेरा आपोआप एकामागून एक फोटो काढत राहतो.

काजवे

हंगाम मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत. वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की संख्या वाढते, पाऊस नीट लागला की झपाट्याने कमी होते. भंडारदरा-घाटघर परिसर, अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी, राजमाची ही नेहमीची ठिकाणं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत जाणार असाल तर रात्री थांबण्याचे आणि वाहनांचे नियम वनविभागाच्या नाक्यावर आधी विचारून घ्या.

तारीख पंचांग बघून ठरवा. काजवे साधारण आठ ते दहा या वेळात भरात असतात, तेव्हा चंद्र आकाशात नको. वद्य पंचमीपासून अमावस्येपर्यंत तो उशिरा उगवतो, तेच दिवस उत्तम. अमावस्येनंतरचे दोन-तीन दिवसही चालतात.

उजेडाबाबत इथे तडजोड नाही. लुकलुकणं हा काजव्यांचा नर-मादीतला संवाद आहे आणि टॉर्च, हेडलाइट, फ्लॅश यांनी तो तुटतो. कॅमेऱ्याचा फोकसला मदत करणारा दिवा मेन्यूतून बंद करा, कार्डवर फोटो लिहिताना लुकलुकणाऱ्या लाल ठिपक्यावर काळी टेप लावा, स्क्रीनचा उजेड सगळ्यात कमी ठेवा. चालताना लागेल तेवढाच लाल कागद लावलेला टॉर्च, तोही जमिनीकडे तोंड करून. गवतातही काजवे बसलेले असतात, तेव्हा झाडाच्या बुंध्यापर्यंत जाऊ नका; दहा-पंधरा मीटरवरून फोटो तसाही चांगला येतो. डासांचा फवारा गावातच मारून या.

जागेवर सातच्या आत पोहोचा. त्या दिवसांत सूर्य सात-सव्वासातला मावळतो आणि उजेड असतानाच तीन कामं उरकायची असतात. पहिलं, चौकट ठरवणं: ज्या झाडावर काजवे बसतात ते गावातल्या माणसाला विचारा, त्याच्यामागे थोडं आकाश राहील असं उभे राहा. दुसरं, फोकस: झाडाच्या खोडावर ऑटोफोकसने धरा, मग मॅन्युअलवर टाका आणि रिंगवर टेपची चिकटपट्टी लावा. अंधार पडल्यावर फोकस शोधणं म्हणजे टॉर्च मारणं आलंच, म्हणून हे आधी. तिसरं, बेस फोटो. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी सुरुवात करून दर पाच मिनिटांनी एक फोटो काढत राहा, आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) २००, शटर एका सेकंदापासून आठपर्यंत. ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार, म्हणजे एफचा आकडा) मात्र जे रात्री वापरणार तेच, नाहीतर झाडामागचा अस्पष्टपणा दोन्ही थरांत वेगवेगळा दिसतो. या बेसमधून झाडाचा आकार, पानं आणि आकाशाचा निळा रंग येणार आहे; पाच-सहा काढून ठेवले की घरी निवडीला वाव राहतो.

अंधार पडला की ट्रायपॉडला हात न लावता सेटिंग बदला. एफ २.८ असेल तर आयएसओ १६०० ते ३२००, १८-५५ च्या लेन्सवर एफ ३.५ आणि आयएसओ ३२०० किंवा ६४००. शटर ३० सेकंद.

आता महत्त्वाचं. काजवा एका वेळी सेकंदाचा काही भागच चमकतो. म्हणजे शटर १० सेकंद उघडं असो की ३०, त्या चमकेचा ठिपका तेवढाच उजळ येतो. ठिपका किती उजळ, हे ठरवतात ॲपर्चर आणि आयएसओ. शटरने फक्त दोन गोष्टी बदलतात: एका फोटोत किती चमका गोळा होतात आणि मागचं आकाश किती उजळतं. म्हणून क्षितिजावर गावाचा किंवा शहराचा उजेड असेल तर आयएसओ कमी करू नका, शटर १० सेकंदांवर आणा आणि फोटोंची संख्या तिप्पट करा. लाइटन हिशोबात आकाश एका फोटोइतकंच उजळ राहतं, काजवे मात्र सगळ्या फोटोंतले जमा होतात. अर्ध्या तासाचं एकच एक्स्पोजर घेतलं असतं तर तेवढ्या वेळात आकाश पांढरंफटक झालं असतं. स्टॅकिंगचा सगळा फायदा या एका गोष्टीत आहे.

ठिपके मधोमध पांढरे आणि फक्त कडेला पिवळट-हिरवे दिसले तर आयएसओ जास्त झाला, एक पायरी उतरा. बसलेले काजवे ठिपके देतात, उडणारे तुटक रेघा. लेन्सच्या अगदी जवळून कुणी गेला तर मोठी फिकट चकती उमटते. ५० मिमी एफ १.८ ची स्वस्त लेन्स असेल तर याच चकत्यांसाठी दहा-पंधरा वेगळे फोटो काढून बघा.

साठ फोटो झाले की निघण्याआधी लेन्सचं झाकण लावा आणि त्याच शटरवर, त्याच आयएसओवर सहा-सात फोटो काढा. हे काळे फोटो म्हणजे डार्क फ्रेम. यांचं काम पुढे आहे.

थर रचताना

रॉथेरपीमध्ये एक फोटो उघडून व्हाइट बॅलन्स लावा, हॉट पिक्सेलचा (स्वतःहून पेटलेल्या पिक्सेलांचा) फिल्टर चालू करा, डार्क फ्रेम जोडा, नॉइज, म्हणजे अंधारात उमटणारे दाणे, अगदी बेताने कमी करा. जास्त कमी केलात तर लांबचे बारीक काजवेही नॉइजसोबत जातात. मग ही प्रोसेसिंग प्रोफाइल कॉपी करून बाकीच्या सगळ्यांवर पेस्ट करा आणि फाइली बाहेर काढा. एकाही फोटोला वेगळं एक्स्पोजर देऊ नका. लाइटनमध्ये जो फोटो उजळ तोच जिंकतो आणि बाकीचे गप्प बसतात.

गिम्पमध्ये फाइल मेन्यूतून 'ओपन ॲज लेयर्स' निवडून फोटो एकाच वेळी आत घ्या. पण साठच्या साठ नकोत. २४ मेगापिक्सेलचा एक थर साध्या ८ बिटमध्येही ७२ एमबी खातो, म्हणजे साठ थर चार जीबीच्या वर. १६ बिटमध्ये दुप्पट. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप तिथेच मान टाकतो. दहा-दहाचे गट करा: सगळ्यात खालचा थर सोडून बाकी नऊंचा मोड 'लाइटन ओन्ली', मग 'फ्लॅटन इमेज', मग सेव्ह. सहा गटांचे सहा फोटो पुन्हा तसेच रचा. मोठ्यातला मोठा आकडा शोधायचा असल्याने गट केल्याने उत्तरात काडीचा फरक पडत नाही.

फोटोशॉपमध्ये हेच काम 'लोड फाइल्स इंटू स्टॅक'ने होतं. सगळे थर एकदम निवडून मोड बदलता येतो. ट्रायपॉडवर काढलेल्या फोटोंसाठी अलाइनची खूण काढून टाका; काळ्या फोटोत त्याला धरायला काही सापडत नाही आणि तो थर भलतीकडे सरकवतो.

आता समोर काजव्यांनी भरलेलं, पण थोडं राखाडी झालेलं चित्र असेल. ही राख कुठून आली? प्रत्येक पिक्सेलने साठ फोटोंतला आपला सगळ्यात जास्त नॉइज उचलला, म्हणून सावल्या उजळल्या. जितके फोटो जास्त, तितकी राख जास्त. 'लेव्हल्स' उघडून काळं टोक १५ ते २० पर्यंत आत आणा, राख खाली जाईल आणि ठिपके वर राहतील. हे प्रत्येक फोटोवर आधी करा किंवा रचून झाल्यावर एकदाच करा, निकाल तोच येतो. मग साठदा कशाला करायचं?

शेवटी संध्याकाळचा बेस फोटो. तो दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) काळवंडून सगळ्यात खाली ठेवा, वर काजव्यांचा थर लाइटनमध्ये. बेस जास्त उजळ राहिला तर फिके काजवे त्याच्याखाली दबतात आणि मग 'एवढे काढले होते, गेले कुठे' असं होतं.

किती फोटो रचायचे हा आवडीचा प्रश्न, पण आमचं मत स्पष्ट आहे: तीस ते साठ पुरेत. दोनशे फोटो रचले की झाडाऐवजी काळ्या सतरंजीवर मोहरी सांडल्यासारखं दिसतं आणि काजवे फांद्यांच्या आकारात बसतात ती गंमत निघून जाते. वरचे थर एकेक करून बंद करत जा, कुठे थांबायचं ते डोळ्यांना कळतं. फोटो टाकताना 'इतके फोटो, इतक्या मिनिटांत, एकत्र रचलेले' असं खाली लिहा. नाहीतर बघणारा माणूस पुढच्या शनिवारी गाडी काढून जातो आणि प्रत्यक्षात तसं झाड दिसत नाही म्हणून वैतागतो. स्पर्धेला पाठवायचा असेल तर नियम वाचा. काही ठिकाणी रचलेले फोटो चालत नाहीत.

खोटे काजवे आणि इतर भानगडी

चित्रात अगदी टोकदार, एका पिक्सेलचे लाल किंवा निळे ठिपके दिसले तर ते काजवे नव्हेत. उन्हाळ्याच्या रात्री सेन्सर तापतो आणि त्यातले काही पिक्सेल स्वतःहूनच पेटलेले दिसतात. एका फोटोत ते लक्षातही येत नाहीत. लाइटन मात्र तीस मिनिटांत पेटलेला प्रत्येक पिक्सेल इमानदारीने जमा करतो. डार्क फ्रेम त्यासाठीच काढल्या. काढायच्या राहिल्या असतील तर रॉथेरपीचा फिल्टर बरेचसे पुसतो, उरलेले हीलिंग ब्रशने.

मध्येच एखादी जीप आली आणि तीन फोटोंत झाड पिवळं झालं, तर ते तीन फोटो सरळ वगळा. काजव्यांच्या रचनेत मधले फोटो गेल्याचं कळत नाही. उजेड फक्त एका कोपऱ्यात असेल तर त्या थरावर तेवढा भाग काळ्या ब्रशने रंगवून टाका. लाइटनमध्ये काळा रंग म्हणजे काहीच नाही, त्यामुळे मास्कची (थराचा काही भाग झाकण्याची) कटकट न करता नको ते गायब होतं. विमानाच्या रेघेलाही हाच उपाय.

सगळ्या फोटोंत नऊनंतर अचानक धुकटपणा आला तर लेन्सवर दव धरलं आहे. घाटमाथ्यावर हे नेहमीचं. हूड लावून ठेवा, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी लाल कागद लावलेल्या टॉर्चने काच तपासा, तेही झाडाकडे पाठ करून. पुसताना चौकट हलली तर तिथून पुढचे फोटो वेगळा गट समजा.

ताऱ्यांच्या रेघा

हिशोब तोच, लाइटन. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तिथी अमावस्येच्या आसपासची. एफ २.८, आयएसओ ८०० ते १६००, शटर ३० सेकंद, रिमोट लॉक. आकाश तासाला १५ अंश फिरतं. अर्ध्या तासात रेघा आखूड राहतात आणि चित्र अर्धवट वाटतं, दोन तासांत ३० अंशांच्या कमानी मिळतात. दोन तास म्हणजे जवळपास २२५ ते २४० फोटो, तेव्हा भरलेली दुसरी बॅटरी हाताशी हवी आणि ती बदलताना कॅमेरा हलणार नाही याची रंगीत तालीम घरी करून घ्यावी. बॅटरीचं दार ट्रायपॉडच्या प्लेटखाली अडकतं का, हे डोंगरावर कळण्यात अर्थ नाही.

दोन फोटोंमधल्या फटीची भीती थोडी वाजवीपेक्षा जास्त घातली जाते. १६ मिमीच्या लेन्सवर एका सेकंदाची फट दिसतही नाही, तेवढ्यात तारा एक पिक्सेलही सरकत नाही. ५० मिमीवर पाच सेकंदांची फट पडली तर मात्र रेघ ठिपक्याठिपक्यांची होते. स्टारस्टॅक्समध्ये 'गॅप फिलिंग' नावाचा मोड आहे, तो अशा बारीक फटी बुजवतो. 'कॉमेट' मोडने रेघ एका टोकाला विरत जाते. दोन्ही एकेकदा करून बघण्यासारखे.

चौकट मात्र परदेशी फोटो बघून ठरवू नका. ध्रुवतारा जितक्या अक्षांशावर आपण, तितकाच क्षितिजाच्या वर असतो. युरोपात तो ५० अंशांवर असतो म्हणून तिकडे घरावर गोल चक्रं दिसतात. पुण्या-मुंबईत तो १८-१९ अंशांवर, म्हणजे हात लांब करून अंगठा आणि करंगळी ताणली तर जवळपास एका वितीएवढ्या उंचीवर. उत्तरेला डोंगराची कड असेल तर तो तिच्यामागेच राहतो. पूर्ण वर्तुळं हवी असतील तर उत्तरेला उघडं पठार किंवा पाणी असलेली जागा शोधा आणि ध्रुव चौकटीच्या खालच्या तिसऱ्या भागात घ्या.

आपल्याकडे खरी मजा पूर्वेला तोंड करून येते. तारे क्षितिजातून जवळजवळ सरळ वर चढतात, किंचित उजवीकडे कलत. चौकट रुंद असेल तर मधल्या रेघा सरळ आणि दोन्ही बाजूंच्या विरुद्ध दिशांना वळलेल्या येतात. खाली बुरूज किंवा एखादं एकटं झाड असलं की झालं. विमानांच्या रेघा काळ्या ब्रशने पुसताना ब्रश अगदी बारीक घ्या. जाड ब्रशने ताऱ्याची ३० सेकंदांची रेघही खोडली जाते आणि तिथे तुटक जागा दिसते.

गर्दी पुसणं

इथे मीडियन. वेरूळच्या १६ व्या लेण्यासमोर, कैलासाच्या प्रांगणात, माणूस नसलेला फोटो रविवारी मिळणं अशक्य, पण वीस फोटोंतून तो घडवता येतो. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून हे हातात कॅमेरा धरून करायचं: कठड्याला किंवा खांबाशेजारी टेकून उभे राहा, मॅन्युअल मोडवर एक्स्पोजर पक्कं करा, दर १५ सेकंदांनी एक असे वीस फोटो. कडेने थोडी जास्त जागा घ्या, फोटो एकमेकांवर बसवताना ती कापली जाते.

अट एकच: चित्रातली प्रत्येक जागा निम्म्याहून जास्त फोटोंत रिकामी हवी. चालणारी माणसं आपसूक जातात. पायरीवर बसलेलं कुटुंब पाच मिनिटं हलणार नाही आणि मीडियनच्या दृष्टीने ते लेण्याचाच भाग बनतं. अशा वेळी थांबा, ते उठल्यावर आणखी दोन फोटो घ्या आणि नंतर तेवढ्या जागेवर त्यातला तुकडा मास्कने लावा. उलट बाजूने, काम पंधरा मिनिटांच्या वर लांबवू नका. ऊन सरकतं आणि सावल्यांच्या कडा दुहेरी होतात.

फोटोशॉपमध्ये 'लोड फाइल्स इंटू स्टॅक', या वेळी अलाइन आणि स्मार्ट ऑब्जेक्ट या दोन्हींवर खूण, मग लेयर मेन्यूत स्मार्ट ऑब्जेक्ट्स, स्टॅक मोड, मीडियन. गिम्पला हे मुळात येत नाही. जीमिक हे फुकट प्लगइन घालून त्यातलं मीडियनचं ब्लेंड वापरा, इनपुटमध्ये सगळे थर निवडायला विसरू नका. फोटो आधी ह्यूजिन या प्रोग्रॅममधून एकमेकांवर बसवून घ्यावे लागतात. आणि हो, इथे दहा-दहाचे गट चालत नाहीत. मधल्या आकड्यांचा मधला आकडा हा सगळ्यांचा मधला आकडा असेलच असं नाही. रॅम कमी पडत असेल तर फोटो लहान करा, पण सगळे एकत्रच द्या.

पाणी आणि नॉइज

मीन, म्हणजे सरासरी. ताम्हिणीत पावसाळ्यात ढगाळ दुपारी एफ ११ आणि आयएसओ १०० वर शटर १/१५ च्या आसपास येतं. असे तीस फोटो सलग काढून सरासरी घेतली की दोन सेकंदांच्या एक्स्पोजरसारखं पाणी मिळतं. भर उन्हात १/२०० येत असेल तर या वाटेला जाऊ नका, शेकडो फोटो लागतील. तिथे एनडी फिल्टरच (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच) बरा.

गिम्पमध्ये सरासरी काढायची ती थरांच्या अपारदर्शकतेने, म्हणजे ओपॅसिटीने. सगळ्यात खालचा १००, त्यावरचा ५०, मग ३३.३, २५, २०. थोडक्यात, खालून जितका क्रमांक तितक्याने १०० ला भागायचं. आठव्या थरानंतर आकडे फार लहान होतात आणि ८ बिटमध्ये रंगांचे पट्टे उमटू लागतात. आठ-आठचे सारखे गट करून गटांची सरासरी घ्या, आणि शक्य तर १६ बिटमध्ये काम करा. वाऱ्याने हललेली पानं भुरकट होतील. त्यांच्या जागी एकाच फोटोतली पानं मऊ ब्रशच्या मास्कने परत आणा. लेन्सवर पडलेला तुषाराचा थेंब मात्र सगळ्या फोटोंत एकाच जागी असतो, तो कोणत्याच हिशोबाने जात नाही. प्रत्येक पाच-सहा फोटोंनंतर काच बघा.

हीच सरासरी अंधाऱ्या गाभाऱ्यात किंवा संग्रहालयात कामी येते. आयएसओ ६४०० वर हातात धरून सोळा फोटो काढले, बसवले, सरासरी घेतली, तर नॉइज चौथ्या हिश्शावर येतो. चार फोटोंत निम्म्यावर. चौसष्ट फोटो काढले तर आठव्या हिश्शावर, पण तेवढे काढेपर्यंत पहारेकरी येऊन विचारतो.

डार्कन: पक्ष्याची वाट

सगळ्यात कमी वापरला जाणारा हिशोब, आणि दिवसाउजेडी, ट्रायपॉडवर, अर्ध्या तासात करून बघता येण्यासारखा. पांढऱ्या ढगाळ आकाशासमोर उडणारा पक्षी गडद दिसतो. डार्कन प्रत्येक जागचा गडद आकडा ठेवतो, म्हणून एका चित्रात त्याच पक्ष्याची सगळी उड्डाणं ओळीने येतात. संध्याकाळी घराच्या गच्चीवरून घारी किंवा परतणारे बगळे पुरेत. बगळे पांढरे असले तरी उजळ आकाशासमोर उलट उजेडात काळेच उमटतात.

शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान, आयएसओ लागेल तेवढा, आकाश जवळजवळ पांढरं होईल इतकं एक्स्पोजर, सेकंदाला आठ-दहा फोटो. कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवायचा नाही; चौकट स्थिर ठेवून पक्षी एका कडेने आत येऊन दुसऱ्या कडेने बाहेर जाईपर्यंत बटण दाबून धरायचं. सगळे फोटो रचले तर पंख पंखांत अडकून काळी दोरी तयार होते. घारीसारख्या संथ पक्ष्याला प्रत्येक चौथा-पाचवा फोटो घ्या, पारव्याला प्रत्येक दुसरा. निळ्या आकाशात ढगांचे पुंजके असतील तर डार्कन त्यांच्याही कडा खातो, म्हणून आकाश सलग असलेला दिवस निवडा. पावसाळ्यात तो शोधावा लागत नाही.